भाऊंची सिस्टीम

नव्या गाडीच्या बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक वाळायच्या आत भाऊंनी तिची चारही दारं सोलून ठेवली होती. सोलणं हा शब्द त्यांचाच. दाराच्या आतलं प्लास्टिकचं पॅड क्लिपांसकट उचकटायचं, मागची पन्नी काढायची आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर पेरं आपटून डोळे मिटून ऐकायचं. सोसायटीतली मंडळी पेढा घ्यायला पार्किंगमध्ये उतरली, तेव्हा दारांची पॅडं एका जुन्या चादरीवर ओळीनं मांडलेली होती आणि वहिनी पेढ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. "अपघात नाही हो झाला," त्या येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून टाकत होत्या, "स्पीकर बसवतायत."

असे भाऊ गावोगावी आहेत. कुठे ते सेकंडहँड स्विफ्ट घेतलेलं पोरगं असतं, कुठे बोलेरोतून हिंडणारे पतसंस्थेचे संचालक, आणि हिंजवडीत नोकरीला असले तर त्यांच्या लॅपटॉपमध्ये गाडीच्या आवाजाचे आलेखसुद्धा निघतात. ओळखायचं कसं? तुम्ही गाडीत बसलात की साधा माणूस "कुठे सोडू?" असं विचारतो. भाऊ म्हणतात, "हे ऐका." मग तुम्हाला स्टेशनवर जायचं असो की दवाखान्यात.

गाडी घेताना आमच्या भाऊंनी मुद्दाम सगळ्यात खालचं मॉडेल निवडलं. डॅशबोर्डवर स्टिरिओच्या जागी ज्यात नुसतं एक काळं झाकण असतं, ते. शोरूममधल्या पोरानं बिचाऱ्यानं टॉप मॉडेलचा पडदा, सहा स्पीकर, सगळं वाजवून दाखवलं. भाऊ त्या काळ्या झाकणाकडे हायवेला लागून असलेल्या एनए प्लॉटकडे पाहावं तसे पाहत राहिले. "टॉप मॉडेलमध्ये दुसऱ्यानं आधीच सगळे निर्णय घेतलेले असतात," असं ते मला नंतर म्हणाले. वहिनींना मात्र त्यांनी निराळं सांगितलं: दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक वाचला. तो वाचलेला फरक भाऊंनी पुढे किमान तीनदा खर्च केला.

पुण्याच्या भाऊंची पंढरी नाना पेठेत. मुंबईचे भाऊ कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातात. सुटं इलेक्ट्रॉनिक काही लागलं तर मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे आणि पुण्याला तपकीर गल्ली. मी एकदा भाऊंबरोबर अशा दुकानात गेलो होतो. भिंतभर स्पीकर लावलेले, खाली बटणांची फळी. बटण बदललं की दुसऱ्या स्पीकरातून तेच गाणं. मला सगळे सारखेच ऐकू येत होते, पण तसं बोलायची ती जागा नव्हती. शेठनी एक अँप पुढे केला. खोक्यावर आगीच्या ज्वाळा आणि त्यात ५००० वॅट. भाऊंनी खोक्याकडे पाहिलंही नाही. अँप हातात घेऊन त्याच्या बुडाशी असलेला फ्यूज पाहिला. ३० अँपिअर.

"इंजिन चालू असताना गाडीत व्होल्ट किती?" भाऊंनी मला विचारलं. मी गप्प. "चौदा धरा. चौदा त्रिक बेचाळीस, वर शून्य. हा डबा बॅटरीतून ४२० वॅटच्या वर घ्यायला लागला की फ्यूज उडणार. घेतलेल्यातलं काही तापण्यात जाणार. आणि बाहेर म्हणे ५००० काढतो!" मग शेठकडे वळून अत्यंत आदरानं म्हणाले, "शेठ, माल नावाप्रमाणे आहे. चारशेवीसच आहे."

शेठ मनापासून हसले आणि त्यांनी आतल्या खोलीतून दुसरा खोका मागवला. त्यावर ज्वाळा नव्हत्या, वॅटही बेताचे होते आणि किंमत तिप्पट होती. आरएमएस नावाचा जो खरा, टिकाऊ वॅट असतो तो असल्याच खोक्यांत सापडतो, असं भाऊंचं म्हणणं. नंतर त्यांनी खिशातून ब्लेड काढून दुकानातल्या जाड वायरीचं टोक खरवडून बघितलं. आतून पांढरी निघाली म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. लाल निघाली तर निव्वळ तांबं. सोन्याच्या दुकानात वहिनींनी कधी इतका वेळ लावला नसेल.

तसा हा नाद भाऊंना एकाएकी लागलेला नाही. कॉलेजात असताना ते वडिलांच्या मारुती ८०० मध्ये फिरायचे. त्या काळी चोरांच्या भीतीनं स्टिरिओचं तोंड काढून खिशात घालायची सोय असे. पुढची पट्टी निघाली की मागे उरलेला डबा कोण कशाला चोरेल, असा हिशेब. भाऊ ती पट्टी छोट्या काळ्या डबीत घालून लग्नकार्याला घेऊन जात आणि पंगतीत ताटाशेजारी ठेवत. डबीत चष्मा नाही हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत ती हळूच उघडून मिटत. एका लग्नात मुलीकडच्या मंडळींनी त्यांची चौकशी केली, ती या डबीमुळेच, असं त्यांचं आजही मत आहे. वहिनी मुलीकडच्याच. त्यांचं मत वेगळं आहे.

आणि हा सगळा धंदाच मुळी असल्या भाऊगिरीतून वाढला. मोटारीत बसवायचा रेडिओ तयार केल्यावर १९३० साली पॉल गॅल्व्हिन हे अमेरिकन गृहस्थ तो घेऊन अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेले. आत स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी गाडी मेळाव्याच्या बाहेर उभी केली, आवाज मोठा केला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गोळा केलं. पुढे त्यांची मोटोरोला कंपनी झाली. म्हणजे गाडी कडेला लावून, दारं उघडी टाकून, आवाज चढवून लोक जमतात का ते बघायचं, याला जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे. गणेशोत्सवात चौकाचौकात ती पाळणारे असतातच.

सिस्टीमचा स्वभाव असा की ती पुरी होत नाही. भाऊंनी आधी पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर घातले. ट्विटर वेगळे, काचेच्या कोपऱ्यात. ते वाजवायला स्टिरिओचा दम पुरेना, कारण स्टिरिओवर चार गुणिले पन्नास वॅट छापलेलं असलं तरी खरे निघतात सतराअठरा. म्हणून अँप आला. अँपला जाड केबल. केबल इंजिनाकडून आत आणायला पत्र्याला भोक. एवढं झाल्यावर वरचे सूर मोकळे झाले आणि खालचे नाहीत हे उघडं पडलं, म्हणून डिकीत बारा इंची वूफर, त्याला पेटी, पेटीला निराळा अँप, दोन अँप झेपावेत म्हणून मोठी बॅटरी. दर वेळी भाऊ वहिनींना सांगत, "हे शेवटचं." वहिनींच्या हिशेबाच्या वहीत 'गाडी (शेवटचं)' असं खातंच आहे. त्यात आता जागा उरलेली नाही.

मध्यंतरी भाऊंनी मला एक गोष्ट समजावून सांगितली. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दसपट लागतात. मला वाटलं, हे कळल्यावर माणूस थांबतो. भाऊंनी ते दसपट कशासाठी घ्यावे लागले याचं कारण म्हणून सांगितलं होतं.

फिटर लोकांशी भाऊंचं नातं सासूसुनेचं. काम चालू असताना ते स्टूल टाकून तिथेच बसतात. एका फिटरनं मुख्य फ्यूज अँपशेजारी लावला, तेव्हा भाऊ उठून उभे राहिले. "फ्यूज अँपसाठी नसतो मामा, वायरीसाठी असतो. बॅटरीपासून एक हाताच्या आत पाहिजे. मधे कुठे वायर घासून पत्र्याला लागली, तर बॅटरी सगळा करंट तिच्यातच ओतणार. तुमचा फ्यूज मागं डिकीत बसून गंमत बघणार. आणि भोकात रबराचं ग्रोमेट कुठंय?" फिटर म्हणाला, "साहेब, आजवर कुणी बोललं नाही." भाऊ म्हणाले, "ज्यांच्या गाड्या जळल्या ते परत आले नसतील." भाऊंची चेष्टा मी पुष्कळ करतो, पण या एका बाबतीत त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहे. दोन दिवसांत शॉर्टकटनं केलेलं वायरिंग हा या शौकातला खराखुरा धोका आहे, आणि वूफरला नावं ठेवणारे लोक त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

सगळं जोडून झाल्यावर पहिल्याच फेरीत स्पीकरमधून बारीक 'कुंईं' असा सूर यायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, गिअर बदलला की उतरायचा. मागे भाऊंचे वडील, अण्णा, बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "तानपुरा छान लागलाय." तो अल्टरनेटर होता. अर्थिंग नीट लागलं नाही, किंवा गाण्याची नाजूक वायर आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूनं शेजारीशेजारी आणली, की अल्टरनेटर असा गाण्यात घुसतो. भाऊंनी एक अख्खा रविवार पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थ बदलण्यात घालवला. सूर गेला. अण्णांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग खडखड. वूफर आल्यावर गाडीतली प्रत्येक सैल वस्तू बोलायला लागते. भाऊ पेनड्राइव्हवरून वीस हर्ट्झपासून हळूहळू वर चढणारी नुसती घूं लावतात आणि एकेका जागी हात ठेवत फिरतात. मागची नंबरप्लेट सापडली, तिच्यामागे फोम गेला. ग्लव्ह बॉक्समधली टोलची चिल्लर सापडली. एक आवाज मात्र काही केल्या सापडेना. तो डॅशबोर्डवरचे गणपती निघाले. भाऊंनी हात जोडून क्षमा मागितली आणि मूर्तीच्या आसनाखाली डॅम्पिंग शीटचा तुकडा चिकटवला. दारांच्या पत्र्यालाही हेच काळं, डांबरासारखं दिसणारं ब्यूटिलचं शीट आतून रूळ फिरवून बसवलेलं आहे. त्याचा खरा फायदा कुणाला झाला असेल तर तो वहिनींना. गाडीत बाहेरचा आवाज कमी झाला आणि सिस्टीम बंद असली की फार छान वाटतं, असं त्या सांगतात. हे वाक्य भाऊ प्रशंसेच्या सदरात धरतात.

रात्रीच्या प्रवासाची गोष्टच वेगळी. वूफर ठोका देताना एवढा करंट ओढतो की क्षणभर हेडलाइट मंदावतात. ताम्हिणी घाटात एकदा समोरून येणाऱ्या टेम्पोला वाटलं, आपल्यालाच डिपर मारतायत. त्यानं उलट डिपर मारला. इकडे गाणं द्रुत लयीत होतं. टेम्पोवाल्यानं शेवटी गाडी कडेला घेऊन, खिडकीतून डोकं काढून, पुढे पोलीस आहेत का दरड, असं विचारलं. भाऊंनी काच खाली केल्यावर त्याला उत्तर मिळालं. त्याला ते पटलं असावं, कारण तो म्हणाला, "कितीला बसवली?"

या सगळ्यावर कळस म्हणजे डीएसपी. हा डबा प्रत्येक स्पीकरचा आवाज मोजूनमापून उशिरा सोडू शकतो. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणजे उजव्या दाराचा स्पीकर त्याला जवळ आणि डावा लांब. दोघांच्या अंतरात अर्धा मीटर फरक धरला, तर डावीकडचा आवाज साधारण दीड मिलिसेकंद मागून पोचतो. भाऊंनी उजव्याला तेवढंच थांबवलं. परिणाम खरोखर चमत्कारिक आहे: डोळे मिटले (गाडी उभी असताना) तर गायिका बरोबर डॅशबोर्डच्या मध्यावर, गणपतीच्या जरा मागे उभी राहते. मी स्वतः ऐकलं आहे. फक्त ही किमया एकाच खुर्चीपुरती चालते. वहिनी डावीकडे बसतात. त्यांना डावा स्पीकर आधीच जवळ होता, त्यात उजव्याला उशीर लावल्यामुळे त्यांच्यासाठी ती बाई कायमची दाराच्या खिशात, पाण्याच्या बाटलीशेजारी जाऊन बसली. त्यांनी तक्रार केली. भाऊ म्हणाले, "दोघांना एकदम मधोमध आणता येत नाही." वहिनी म्हणाल्या, "ते मला लग्नानंतर लगेच कळलं होतं."

आता एवढ्या खटाटोपातून भाऊ ऐकतात काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी लक्ष ठेवून आहे. भाऊ गाणं ऐकत नाहीत, गाण्यातून सिस्टीम ऐकतात. 'सैराट'च्या (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, हे ते प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगतात, 'याड लागलं' लावतात, सुरुवातीची व्हायोलिनं अंगावर आली की आपल्याकडे बघतात, आणि गायकानं तोंड उघडायच्या आत गाणं बदलतात. मग ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं १९९४ सालचं मैफलीतलं रेकॉर्डिंग. जगातल्या यच्चयावत स्पीकरविक्यांचं हे आवडतं गाणं, कारण त्याच्या आरंभी चामड्याच्या वाद्यावर जे ठोके पडतात ते थेट बरगड्यांत जाणवतात. त्या गाण्याला पुढे शब्द आहेत हे भाऊंना ठाऊक असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पेनड्राइव्हवर सगळं फ्लॅकमध्ये; ब्लूटूथवरून गाणं लावणाऱ्याला भाऊ चहा विचारतात, पण पुन्हा पुढच्या सीटवर बसवत नाहीत.

अण्णांचं ऐकणं दुसऱ्या टोकाचं. त्यांना आकाशवाणी लागते आणि एवढ्या मोठ्या नऊ इंची पडद्यावर मीडियम वेव्ह कुठे लपलंय ते त्यांना कुणी नीट दाखवत नाही. मग ते म्हणतात, भीमसेनांचे अभंग लाव. भाऊ लावतात, कारण भाऊ सुपुत्र आहेत. पण त्यांचा हात बटणावरच असतो. "रेकॉर्डिंग जुनं आहे अण्णा, खाली काहीच नाही." खाली म्हणजे चाळीस हर्ट्झला. अण्णा म्हणतात, "वर आहे की." थोड्या वेळानं अण्णांना डुलकी लागते आणि भाऊ मला हळूच सांगतात, "बघा, इतकी क्लॅरिटी आहे की कानाला त्रासच नाही."

सोसायटीला मात्र त्रास आहे, आणि तोही अर्धाच ऐकू येणारा. गाडीचा पत्रा आणि काच उंच सूर अडवतात, खालचे सोडून देतात. चाळीस हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे भाऊंच्या गाडीच्या दुपटीहून मोठी. ती गाडीत राहावी ही अपेक्षाच चूक. त्यामुळे गाणं भाऊंच्या वाट्याला येतं आणि ढुम्म, ढुम्म आमच्या. भाऊ कोपऱ्यावर वळले की आमच्या कपाटाची काच वाजते आणि ही आतून म्हणते, "आले." चेअरमननी एका मीटिंगमध्ये ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वाचून दाखवले: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. भाऊ शांतपणे उभे राहिले. म्हणाले, हे डेसिबल 'ए' मापाचे आहेत. ते माप माणसाच्या कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरतं, पन्नास हर्ट्झला तर चक्क तीस डेसिबल वजा होतात. तेव्हा चेअरमनसाहेबांनी मीटर आणला तरी माझा वूफर त्यात जेमतेम दिसेल. मीटिंगमध्ये शांतता पसरली. ती किती डेसिबलची होती, हे भाऊंनी सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. पुढे वहिनींनी सांगितल्यावर भाऊ फाटकाच्या आत आले की वूफर बंद करू लागले. वहिनींनी कुठलंच माप वापरलं नव्हतं.

या दिवाळीत भाऊंनी गाडी विकायला काढली, कारण मुलांची दप्तरं आणि आजीची व्हीलचेअर एकदम न्यायची वेळ आली आणि डिकीत वूफर. जाहिरातीत त्यांनी गाडीबद्दल दोन ओळी आणि सिस्टीमबद्दल पानभर मजकूर लिहिला. घेणारा आला, तळेगावकडचा तरुण, दूधधंदा करणारा. भाऊंनी त्याला पुढे बसवलं, डोळे मिटायला सांगितले, व्हायोलिनं ऐकवली. त्यानं सगळं मन लावून ऐकलं, मग उतरून टायर बघितले, डिकी उघडली आणि कितीतरी वेळ आत बघत राहिला. भाऊ उत्साहानं पेटीचा घनफूट सांगू लागले.

"दादा, हे निघतं का?" त्यानं विचारलं.

"निघतं म्हणजे? पण का काढायचं? तुम्हाला सिस्टीमसकट त्याच किमतीत..."

"नाही, कॅन ठेवायचेत. हे काढून डिकी मोकळी करून देणार असाल, तर सांगितल्या किमतीवर तीन हजार जास्त देतो."

भाऊ काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "दिली."